चुंबकसूचीला मिळालेली मुदत

कारखान्यात विजेवर काम करणाऱ्या माणसाला फावल्या वेळी काही प्रश्न पडत असतात. त्या प्रश्नांवाचून त्याचे काम अडत नाही, त्यांच्या उत्तराने त्याचा पगार वाढत नाही. ते निव्वळ हौसेचे प्रश्न असतात. वेल्डिंग चालू असताना जमिनीवर पसरलेल्या केबलजवळ मोबाइल नेला, तर त्यातले होकायंत्र दिशा का चुकते? तांब्याला तर चुंबक चिकटत नाही. मग तांब्याच्या नळीत सोडलेला चुंबक इतका रेंगाळत का खाली येतो? डायनामो मोकळा फिरवला तर हाताला हलका लागतो, पण त्याला दिवा जोडला की तोच जड का होतो? आणि सर्वांचा आवडता प्रश्न हा, की चुंबक काही खात नाही, पीत नाही, वर्षानुवर्षे ओढतच राहतो. मग नुसत्या चुंबकावर चालणारे, इंधन न लागणारे यंत्र का करता येऊ नये?

हडपसर-मुंढव्याच्या कारखान्यांतून, मोटार वायंडिंगच्या दुकानांतून आणि युनियनच्या कचेरीत सभा संपल्यावरसुद्धा हे प्रश्न मी पुष्कळदा ऐकले आहेत. शिकलेली माणसे अशा प्रश्नांना कधी कधी हसतात. हसू नये. विजेचे आणि चुंबकाचे नाते जगाला कळले तेच मुळी अशा हौशी प्रश्नांतून. आज मला या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात सांगावयाची आहेत, पण तेवढ्यावर थांबावयाचे नाही. या शास्त्राचा आपल्या महाराष्ट्रात जो व्यवहार झाला, त्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगून तिच्यातून निघणारा एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे.

१८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक व्याख्यान देत होते. तारेतून विजेचा प्रवाह सोडताच जवळची चुंबकसूची हलली. वीज वेगळी आणि चुंबक वेगळा असे तोवर लोक समजत होते. त्या सूचीने दोघांचे नाते उघड केले. वेल्डिंगच्या केबलजवळ मोबाइलातले होकायंत्र चुकते ते याच कारणाने. वाहत्या विजेभोवती चुंबकत्व निर्माण होते, आणि वेल्डिंगला वीज थोडीथोडकी लागत नाही. पृथ्वीच्या मंद ओढीपुढे जवळच्या केबलची ओढ वरचढ ठरते.

मग याच्या उलट घडेल काय, म्हणजे चुंबकापासून वीज मिळेल काय, हा प्रश्न अनेकांच्या मनात घोळू लागला. त्याचे उत्तर १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे याने दिले. हा लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती झालेली. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने ती व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे व्यवस्थित उतरून काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी त्याला डेव्हीच्या प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून आपल्याकडे गावोगाव व्याख्यानमाला होत आल्या. व्याख्यान ऐकून काय होते, असे विचारणाऱ्याला फॅरेडेचे नाव सांगावे.

फॅरेडेने दाखवले ते असे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नुसता ठेवून वीज मिळत नाही. तो हलवावा लागतो. चुंबक हलला, की तारेत वीज वाहते. थांबला, की वीज थांबते. डायनामो, खोपोली-कोयनेची जनित्रे, सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारी ती जुनी बाटली, साऱ्यांचे मूळ येवढेच.

तीन वर्षांनी, १८३४ साली, सेंट पीटर्सबर्ग येथील लेंझ या शास्त्रज्ञाने त्याला आणखी एक नियम जोडला, आणि आपल्या उरलेल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका नियमात आहे. चुंबक हलवून जी वीज निर्माण होते, ती ज्या हालचालीमुळे निर्माण झाली तिलाच विरोध करते. तांब्याच्या नळीतून चुंबक पडू लागला की नळीच्या अंगात वीज फिरू लागते, त्या विजेचे चुंबकत्व पडणाऱ्या चुंबकाला मागे ओढते, म्हणून तो रेंगाळतो. डायनामोला दिवा जोडला की वीज वाहू लागते आणि तीच वीज फिरवणाऱ्या हाताला अडवते, म्हणून तो जड होतो. दिव्यातून जो प्रकाश बाहेर पडतो, त्याची किंमत हाताने मोजलेली असते. आणि म्हणूनच नुसत्या चुंबकावर चालणारे यंत्र होत नाही. चुंबक ओढतो हे खरे. पण ओढून घेतलेल्या लोखंडाला पुन्हा सोडवून आणावयाचे तर जेवढे मिळाले तेवढे परत द्यावे लागते. निसर्गाच्या हिशेबात फुकट काही नाही. वीज कुठे निर्माण झाली, की तिचा भार कोणीतरी सोसलेला असतो.

हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढच्या इतिहासात ते वारंवार आपल्या कामी येणार आहे.

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. समुद्रावर जाणाऱ्या जहाजांना अचूक वेळ आणि हवामान यांची गरज होती, तो तिचा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होऊ लागल्या. या वेधशाळेशी आपल्या मराठी माणसांचा जुना संबंध आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात प्राध्यापक झालेले आणि लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, हे कोवळ्या वयात येथे मदतनीस होते.

चुंबकत्वाची नोंद घेणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. टांगलेली एक चुंबकसूची असते. पृथ्वीचे चुंबकत्व तिला एका दिशेत धरून ठेवते. पण ही पकड दिवसभर सारखी नसते. सूर्य वर आला की तिच्यात किंचित बदल होतो, रात्री वेगळा होतो, आणि सूर्यावर काही उत्पात झाला की ती एकाएकी बिघडते. मुंबईला पृथ्वीची आडवी ओढ साधारण सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्ला भरते, आणि तिच्यातले थोड्या नॅनोटेस्लांचे फरकसुद्धा टिपावयाचे असतात. हजार रुपयांच्या हिशेबात एका नव्या पैशाची चूक चालणार नाही, अशातला हा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे काम माणसे डोळ्यांनी करीत होती. दर तासाला सूचीजवळ जायचे, वाचन घ्यायचे, वहीत लिहायचे. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो.

अशा वहीची किंमत कधी कळते, ते पुढे सांगेन. आता १९०० सालाकडे वळू.

मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवावयाचे ठरले. विजेच्या ट्रामची रचना अशी असते, की प्रवाह डोक्यावरच्या तारेतून गाडीत उतरतो, चाकांजवळच्या मोटारीतून जातो आणि लोखंडी रुळांतून वीजघराकडे परत जातो. पण रूळ जमिनीत गाडलेले असतात. सगळा प्रवाह काही शिस्तीने रुळांतूनच परतत नाही. काही जमिनीत झिरपतो आणि जिकडे वाट मिळेल तिकडून जातो. ट्राम जागची निघाली की प्रवाह वाढतो, थांबली की कमी होतो. अशा शेकडो ट्रामा दिवसभर शहरात हलू लागल्या, तर कुलाब्याच्या सूचीचे काय होईल? पृथ्वी काय म्हणते ते तिला ऐकूच येणार नाही. ट्रामच काय ती ऐकू येईल. ज्या शास्त्राने ट्रामची मोटार फिरते त्याच शास्त्राने वेधशाळेतील सूची फिरते. ही दोन्ही एकाच आईची लेकरे, पण एका घरात नांदू शकत नव्हती.

त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. १८९६ साली ते त्या जागेवर आले. त्या वेधशाळेचे हे पहिले हिंदी संचालक. ट्रामला विरोध करून शहर अडवावयाचे, असा मार्ग त्यांनी धरला नाही, आणि प्रगतीचे युग आहे, आपल्या जुन्या सूचीला आता कोण विचारतो, असे म्हणून ते गप्पही बसले नाहीत. त्यांनी नवी जागा शोधली. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबाग येथे ती निश्चित झाली. तेथे ट्राम नव्हती, गिरणी नव्हती, आगगाडी नव्हती.

१९०४ साली अलिबागची वेधशाळा कामास लागली. तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. चुंबकत्वाचा अंश नाही अशी खात्री करून निवडलेला पोरबंदरी दगड भिंतींना वापरला, आणि जेथे एरवी लोखंडी खिळे, बिजागऱ्या, कड्या बसतात, तेथे तांब्या-पितळेच्या बसवल्या. लोखंडाशिवाय इमारत उभी करणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या गवंडी-सुतारांना सांगावयास नको.

पण मूस यांच्या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. अलिबागची सूची सुरू झाली म्हणून कुलाब्याची लगेच बंद झाली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरच नोंदी घेतल्या गेल्या. हेतू हा, की दोन जागांतला फरक नेमका कळावा, जुन्या वहीला नवी वही जोडता यावी आणि साठ वर्षांचा धागा तुटू नये. ती जोडणी झाल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी १९०६ साली थांबल्या, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी विवेचनासह मूस यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. १९७१ साली स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था त्यांचे काम पाहते.

ट्रामला कंपनी, करार, भांडवल, वीजघर यांसाठीही वर्षे लागली असणारच. तरी घटनाक्रम आपल्यापुढे स्पष्ट आहे. आधी सूचीची सोय झाली, मग ट्राम आली. एका बोटभर लांबीच्या पोलादी सूचीला नोटीस मिळाली, मुदत मिळाली, पर्यायी घर मिळाले, आणि दोन वर्षे जुने आणि नवे घर एकदम वापरण्याची सवलत मिळाली.

आता याच वर्षांत, याच मुंबईत, याच विजेने आणखी काय केले ते पाहू.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी ज्या मागण्या पुढे आल्या, त्यांत रविवारची सुटी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, अशीही एक मागणी होती. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली. पण ‘सूर्यास्ताला बंद’ हे शब्द पाहा. कामगाराच्या दिवसाची सीमा तोपर्यंत सूर्य ठरवीत होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. हिवाळ्यात लहान, म्हणून कमी. कायदा प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना हात लावीत नव्हता. अंधार हाच काय तो त्याचा कायदा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत गिरण्यांतून विजेचे दिवे लागू लागले, आणि तो कायदा एका रात्रीत रद्द झाला. कापडाला भाव होता, दिवा होता; काम चौदा-पंधरा तासांवर गेले. १९०५ साली कामगारांनी या लांबलेल्या दिवसाविरुद्ध संप केले, असंतोष रस्त्यावर आला. सरकारने १९०६ साली फ्रीअर-स्मिथ समिती नेमली, तिच्या मागून मॉरिसन आयोग नेमला. त्या आयोगातील बहुसंख्यांचे मत असे पडले, की प्रौढ पुरुषाच्या तासांना कायद्याने थेट मर्यादा घालू नये. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळे मत नोंदवून मर्यादा घातलीच पाहिजे, असे बजावले. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला.

दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. १९०४-०५ मध्ये अलिबागला सूचीसाठी पितळी बिजागऱ्यांचे घर होते. त्याच सुमारास परळ-लालबागला बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस दिव्याखाली आणखी उभा राहत होता. सूचीला विजेच्या आधी मुदत मिळाली. माणसाला विजेनंतर, संप करून, सहा-सात वर्षांनी, बारा तास मिळाले.

डॉ. मूस यांनी सूचीकडे लक्ष दिले म्हणून माणसाकडे दुर्लक्ष झाले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. मूस यांनी त्यांचे काम उत्तम केले. माझे म्हणणे येवढेच, की नवे तंत्र येण्याआधी ज्यांच्यावर त्याचा भार पडणार त्यांना विचारणे, त्यांना अवधी देणे, जुने आणि नवे काही काळ बरोबर चालवणे, हे शक्य होते. त्या काळी कोणाला हे सुचणे शक्य नव्हते, ही सबब चालत नाही. त्याच सरकारने, त्याच शहरात, त्याच वर्षी एका सूचीसाठी ते करून दाखवले होते.

आता आपल्या नदीकडे येऊ. मुंढव्याच्या पुलाखालून वाहणारी मुळा-मुठा आपण रोज पाहतो. तिच्यातल्या मुळेचे वरचे पाणी मुळशीच्या धरणात अडवले आहे. ते पाणी पूर्वेला पुण्याकडे येण्याऐवजी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिरा येथे सोडले जाते आणि तेथे जनित्रे फिरवते. टाटांची पहिली जलविद्युत् योजना खोपोलीला १९१५ साली सुरू झाली. पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून पाणी पाडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली गेली. दुसरी भिवपुरीला १९२२ साली झाली. तिसरी भिऱ्याची, १९२७ सालची.

तिसरीसाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली जाणार होती. शेतात चाचणीचे खड्डे पडू लागले, तेव्हा गावांना या योजनेची खरी चाहूल लागली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो लढवला. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यात मिळाले. मावळ्यांनी, बायकांनी, मुलांनी बांधावर बसून काम थांबवले, तुरुंग पाहिले. तीन वर्षांनी लढा मोडला, धरण झाले.

या लढ्याकडे पाहताना कामगार चळवळीतल्या माणसाची थोडी पंचाईत होते, हे उघड बोलले पाहिजे. गिरणीचा धूर कमी झाला तो या विजेने. छतावरचे लाइनशाफ्ट आणि त्यांवरून धावणारे चामडी पट्टे, ज्यांत कित्येकांचे हात गेले, ते हळूहळू नाहीसे झाले ते यंत्रागणिक विजेची मोटार बसू लागल्याने. ट्रामच्या घोड्यांची सुटका झाली तीही विजेने. गिरणी कामगाराच्या चाळीत दिवा आला. आणि तो गिरणी कामगार बहुतेक कोकणातल्या, घाटावरल्या शेतकऱ्याचाच मुलगा होता. एका भावाच्या घरात दिवा लागला, दुसऱ्याचे खाचर बुडाले. लेंझच्या नियमात भार कोण सोसतो ते ठरलेले असते. जो डायनामो फिरवतो तो. समाजात मात्र ते ठरवावे लागते, आणि ठरवणारे बहुतेक वेळा भार सोसणाऱ्यांपैकी नसतात. वीज हवी की नको, असा तो प्रश्न नव्हताच. तिची किंमत कोणी, किती आणि केव्हा विचारून द्यावयाची, हा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर कामगारांनी अर्धेमुर्धे का होईना, कायद्यात आणले. कामाचे तास १९२२ साली आठवड्याला साठ, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना चोपन्न आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अठ्ठेचाळीस झाले. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ९-अ हे कलम घातले गेले. मालकाला कामाच्या ठरावीक अटींत बदल करावयाचा असेल, तर एकवीस दिवस आधी नोटीस दिली पाहिजे, असे ते कलम सांगत होते. आणि ज्या सुधारित यंत्रामुळे वा पद्धतीमुळे माणसे कमी होण्याचा संभव आहे, तोही बदल त्या यादीत होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची ही तरतूद राखली गेली. एकवीस दिवस म्हणजे काही फार नाहीत. सूचीला वर्षे मिळाली होती. तरी माणसालाही आगाऊ विचारले पाहिजे, हे तत्त्व कागदावर आले, ही लहान गोष्ट नव्हे.

कागदावरचे तत्त्व कागदावरून पुसताही येते. २०२५ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा ठेवून कारखान्यातली रोजची मर्यादा नवावरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. बारा हा आकडा १९११ च्या कायद्याचा आहे, येवढे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. कोणी म्हणेल, आठवड्याचा हिशेब तर तोच राहिला. पण पाय रोजच्या रोज दुखतात, आठवड्याच्या हिशेबाने दुखत नाहीत.

आता कुलाब्याच्या वहीची किंमत कशी कळली, ते सांगावयाचे राहिले आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर प्रचंड उत्पात झाला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीचे चुंबकत्व ढवळून निघाले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांमधल्या तारयंत्रावरच्या माणसांनी आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच संदेश पाठवले. हा फॅरेडेचाच नियम होता. पृथ्वीचे चुंबकत्व हलले आणि शेकडो मैल लांब तारेत वीज वाहिली. त्या दिवशी कुलाब्यालाही सूची हलत होती. वेध घेणाऱ्यांनी ते ओळखले आणि तासाच्या शिरस्त्यावर न थांबता पंधरा-पंधरा मिनिटांनी, कधी पाच-पाच मिनिटांनी वाचने लिहिली. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी ती जुनी वाचने काढून अभ्यासली. पृथ्वीची आडवी ओढ थोड्याच वेळात सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी, म्हणजे शंभराला चार या प्रमाणात, घसरल्याचे त्यांत आढळले. त्या वादळाचा विषुववृत्ताजवळच्या भागातला येवढा मोलाचा पुरावा मुंबईच्या एका वहीत होता. ती वाचने घेणारे पगारी माणसे होती. रात्री उठून जास्तीचे वाचन घ्या, असे त्यांना वादळाने सांगितले नव्हते; ते त्यांच्या कामाच्या इमानाने सांगितले.

या वहीचा उपयोग काय, असे विचाराल, तर उत्तर विजेच्या धंद्यातच आहे. मार्च १९८९ मध्ये असेच, पण त्याहून लहान वादळ आले, तेव्हा कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. मे २०२४ मधल्या वादळात तर लडाखमधल्या हानले येथून आकाशात तांबूस प्रभा दिसली. आज देशभर उच्च दाबाच्या तारांचे जाळे आहे. त्यात केव्हा, किती प्रवाह अचानक घुसू शकेल, रोहित्रांना धोका किती, याचा अंदाज बांधावयाचा तर पूर्वीचे मोठ्यात मोठे वादळ किती मोठे होते हे ठाऊक पाहिजे. ते कुलाब्याच्या वहीने सांगितले, आणि पुढचे अलिबागची सूची सांगत आहे. एके काळी विजेने सूचीला शहराबाहेर घालवले. आता सूचीच्या शहाणपणावाचून विजेचे चालत नाही. १९०४ साली सूचीला मुदत दिली तिचा फायदा सूचीपेक्षा विजेलाच जास्त झाला. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. सूची आहे.

नव्या यंत्राच्या घाईत ज्याला आपण अडथळा म्हणतो, ते कधी कधी आपले मोजमाप असते. कामगार हा असाच एक सूचीसारखा आहे. यंत्र कोठे बिघडणार, पाळी कोठे असह्य होणार, अपघात कोठे होणार, हे त्याला सर्वांच्या आधी जाणवते. त्याला विचारल्याने कारखाना मागे पडतो, अशी समजूत आहे. माझा तीस वर्षांचा अनुभव तिच्या उलट आहे.

म्हणून तरुण मित्रांना माझी विनंती अशी, की हौसेचे प्रश्न सोडू नका. तांब्याच्या नळीत चुंबक टाकून पाहा, जुन्या पंख्याचे वेटोळे उसवून पाहा, सवड काढून अलिबागला जा आणि ती दगडी इमारत बाहेरून का होईना, पाहून या. यंत्र कसे चालते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क पदवीवाल्यांइतकाच उमेदवारालाही आहे, हे लोहाराच्या मुलाने सिद्ध केले आहे. पण त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही विचारा. हे चालते त्याचा भार कोण सोसतो, आणि त्याला आधी विचारले होते काय? आपल्या कारखान्यांत आता माणसाच्या जागी यंत्राचे हात येत आहेत, आणि हिशेब ठेवणारी, निर्णय घेणारी यंत्रेही दाराशी उभी आहेत. ती येऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणून कोणी थांबलेले नाही. पण ती येण्याआधी त्या पाळीवरच्या माणसाला निदान एका चुंबकसूचीइतकी मुदत मिळावी, ही मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही.